चौदा तारखेची भेट

१

बन्सी सोनवणे शुक्रवारी मेला, आणि सोमवारी सकाळी त्यानं परिवीक्षा अधिकाऱ्याला चहा पाजला. कागद तरी तसंच सांगत होता.

जोहरा काझींनी तो कागद तीनदा वाचला. औरंगाबादच्या जिल्हा परिवीक्षा कार्यालयात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला कोर्ट कधीकधी तुरुंगात न धाडता बाँडवर सोडतं आणि त्याच्यावर देखरेखीला एक अधिकारी नेमतं. त्या अधिकाऱ्यानं दर महिन्याला त्याच्या घरी जायचं, विचारपूस करायची आणि अहवाल द्यायचा. सरकारला माणसं पुरेनात, म्हणून हे काम करारानं संस्थांनाही दिलेलं होतं. अशा संस्थांवर नजर ठेवणं ही जोहराबाईंची जबाबदारी. खोटे अहवाल त्यांनी बरेच पाहिले होते, पण असा नाही.

१९८८ सालच्या नोव्हेंबरातली बुधवारची सकाळ होती. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. पहिला पोलिसांकडून आलेला. मंगळवारी हर्सूलच्या तलावात बावीस वर्षांच्या मुलाचं प्रेत सापडलं, आईनं ओळखलं, नाव बन्सी सोनवणे. मृत्यू होऊन तीन दिवसांहून जास्त झाले असावेत, असं घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मत. मुलगा शुक्रवारी, अकरा तारखेला, कामावर गेला तो घरी परतलाच नाही. खिशात परिवीक्षेचं ओळखपत्र मिळालं, म्हणून कागद इकडे.

दुसरा कागद सन्मार्ग मंडळाकडून कालच आला होता. बन्सी त्यांच्याच देखरेखीखाली होता. तांब्याच्या तारेची दोन बंडलं चोरली म्हणून कोर्टानं त्याला दोन वर्षांच्या बाँडवर सोडलं होतं.

‘दि. १४ रोजी सकाळी हर्सूल येथे बन्सीच्या घरी गेलो. घरी बन्सी व त्याची आई होती. चहा झाला. मुलगा समाधानी आहे. कामावर नियमित आहे. या सोमवारपासून त्याला दुसरी पाळी लागली आहे. कारखान्याच्या साहेबांना भेटून त्याच्या गुन्ह्याची कल्पना दिली असून त्याला सांभाळून घेण्याची विनंती केली आहे.’

खाली सही होती. रामकिसन तुपे, परिवीक्षा अधिकारी.

तीन दिवसांच्या मढ्याबरोबर बसून चहा पिणारा हा माणूस कोण?

२

सन्मार्ग मंडळाचं ऑफिस समर्थनगरात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब साळुंके निवृत्त मुख्याध्यापक. शहरात त्यांना मान होता. जोहराबाईंनी दोन्ही कागद पुढे ठेवले, तसे ते खुर्चीत मागं रेलले.

“अशक्य,” ते म्हणाले. “माझ्या संस्थेत हे अशक्य आहे.”

“मंडळातले सगळे इथंच आहेत का?”

सगळे म्हणजे तिघं. रामकिसन तुपे, अठ्ठावीस वर्षांचा, काटकुळा, समाजकार्याची पदवी घेतलेला. वच्छलाबाई गव्हाणे, दुसऱ्या परिवीक्षा अधिकारी, चाळिशीतल्या, पूर्वी बालवाडी चालवायच्या. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांची लेकरंसुद्धा त्यांना मावशी म्हणत. आणि टायपिस्ट शकीला, जी टेलिफोनही सांभाळायची. बन्सीची बातमी ऐकताच वच्छलाबाई मटकन खाली बसल्या. शकीलानं त्यांना पाणी दिलं.

रामकिसननं अहवाल हातात घेतला. तो त्यानं दोनदा वाचला.

“मॅडम, सही माझी आहे. अक्षर माझं नाही.”

“म्हणजे?”

“कोरे फॉर्म सह्या करून ठेवतो मी. दहा-दहा. चौदा तारखेला सगळे अहवाल द्यायचे असतात. माझ्याकडं एकतीस माणसं. कुणीतरी भरून टाकतं... सगळे मिळूनच भरतो आम्ही, कुणाचा कागद कोण भरतं ते कुणी बघत नाही.”

“भेट न देता?”

“हो, मॅडम. भेट न देता.”

“लाज वाटायला पाहिजे!” नानासाहेब कडाडले. “शनिवारी आपल्या मान्यतेच्या नूतनीकरणाची सुनावणी आहे. आणि तुम्ही, एक प्रशिक्षित अधिकारी...”

“शुक्रवारी दुपारी कुठं होतात, तुपे?” जोहराबाईंनी विचारलं.

रामकिसननं एकदा नानासाहेबांकडं पाहिलं. “ते... मला सांगता येणार नाही, मॅडम.”

३

बन्सीची आई मनकर्णाबाई, तिचं घर हर्सूल गावात, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारात बायका जमल्या होत्या. मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे होते.

“सोमवारी कुणी आलं होतं का घरी? ऑफिसातलं?”

“सोमवारी?” म्हातारीनं जोहराबाईंकडं असं पाहिलं, की त्यांना पुढं विचारवेना. “सोमवारी म्या पोराला हुडकत व्हते, बाई. अजिंठ्याला त्याची बहीण हाय. वाटलं, तिकडं गेला आसंल. एसटीनं तिकडं जाऊन आले. घराला कुलूप व्हतं.”

“शुक्रवारी कसा होता तो?”

“कसा म्हंजी? चांगला व्हता. पहाटं भाकर बांधून घिऊन गेला. म्हनला, आये, परमनंट हुनार म्या. लई खुशीत व्हता.” तिनं एकदम जोहराबाईंचं मनगट धरलं. “त्याला पोहता येत व्हतं, बाई. ह्याच तळ्यात शिकला त्यो. पोहनारा बुडतो व्हय? माझ्या लेकराला कुनीतरी मारलंय.”

तिथून जोहराबाई थेट वाळूजला गेल्या. गाड्यांचे नटबोल्ट बनवणारा तो कारखाना वसाहतीच्या अगदी टोकाला होता. मॅनेजर शुक्रवारी रात्रीच पुण्याला गेले होते, ते येत्या सोमवारी परतणार होते. गेटवर फकिरा नावाचा पहारेकरी भेटला. दुपारी अडीचनंतर त्याची ड्यूटी असायची.

“बन्सी? व्हय, वळखतो की.” बातमी कळताच फकिरानं डोक्यावरची टोपी काढली. “अरारा... म्याच घेतला वो त्याचा पास.”

“पास घेतला? कधी?”

“शुक्रवारी. तीन वाजता पाळी सुटली. सायबानं सांगितलं, सोनवणेचा पास काढून घे, चोर हाय त्यो, कोर्टाचा कागद हाय त्याच्यावर. समद्या पोरांपुढं सांगितलं. पोरगं नुसतं उभं राहिलं. मंग गेलं.”

“साहेबांना कुणी सांगितलं?”

“तुमच्याच आफिसातलं कुनी आलं व्हतं म्हनं. म्या यायच्या आधी. पाळी सुटायच्या गर्दीत कवा गेलं, ध्यानात न्हाई. दुपारी माझ्या आधी ज्याची पाळी आसते त्यो गावी गेलाय. पर बुकात हाय बघा.”

येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत पहारेकऱ्याच्या हातची नोंद होती: ‘१.४५. रामकिसन तुपे, परिवीक्षा. पत्र पाहिले.’

जोहराबाईंनी वही मिटली. मग काहीतरी आठवून त्यांनी विचारलं, “त्याची दुसरी पाळी लागली होती ना?”

“लागली व्हती घटकाभर,” फकिरा म्हणाला. “पाळ्यांचा कागद म्याच डकवला, अडीच वाजता. त्यात बन्सीचं नाव दुसऱ्या पाळीत व्हतं. सव्वातीनला सायबानं बलावलं अन् मलाच त्याच्यावर रेघ मारायला लावली. ह्यो बघा.”

फळ्यावर कागद अजून होता. एका नावावर शाईची जाड रेघ होती.

जोहराबाई त्या रेघेकडं पाहत राहिल्या. दुसऱ्या पाळीची गोष्ट जगात फक्त पाऊण तास खरी होती. तेवढ्या वेळात ज्यानं फळा वाचला, त्यानंच तो अहवाल लिहिला होता. म्हणजे तो घरबसल्या भरलेला नव्हता. लिहिणारा माणूस त्या शुक्रवारी इथं, या गेटात, हजर होता.

४

गुरुवारी सकाळी पोलिसांची जीप समर्थनगरात उभी होती. काल संध्याकाळी जोहराबाईंकडून वहीतल्या नोंदीचं कळताच नानासाहेबांनीच फोन केला होता. वहीतलं नाव, अहवालाखालची सही आणि शुक्रवारचा हिशेब न देणारा माणूस, एवढं फौजदाराला पुरेसं होतं.

“मला अर्धा तास द्या,” जोहराबाई त्याला म्हणाल्या. “माझी खात्याची चौकशी आहे. त्यानंतर तुमचं तुम्ही बघा.”

आतल्या खोलीत रामकिसन बसला होता. जोहराबाईंनी त्याला शुक्रवारबद्दल काहीच विचारलं नाही.

“तुपे, तुमचं प्रशिक्षण तीन महिन्यांचं झालं. त्यातले पंधरा दिवस हर्सूलच्या कारागृहात. पहिला दिवस आठवतो?”

तो गोंधळला. “आठवतो की. घड्याळ काढून घेतलं, पट्टा काढून घेतला. आईनं दिलेला डबा गेटवरच ठेवून घेतला. मी म्हटलं, अहो, शेंगदाण्याची चटणी आहे नुसती. शिपाई म्हणाला, साहेब, इथं बाहेरचा एक शेंगदाणा आत जात नाही. पंधरा दिवस संध्याकाळी बाहेर येऊनच जेवायचो.”

“बरं. एखाद्या कारखान्यात आपला मुलगा काम करतो. मालकाला त्याच्या गुन्ह्याचं ठाऊक नाही. तुम्ही काय कराल?”

“काहीच नाही. मुलाच्या संमतीशिवाय तोंड उघडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं आमच्याकडून. मालकाला सांगितलं की पोरगं रस्त्यावर येतं, आणि...” तो थांबला. अहवालातली शेवटची ओळ त्याला आत्ता आठवली असावी. “मॅडम, मी आळशी आहे. मी खोट्या सह्या केल्या. पण ती ओळ मी कधीच लिहिली नसती. ती लिहिणाऱ्याला आपण काय केलं हे कळलेलंसुद्धा नाही.”

“मलाही तेच वाटलं,” जोहराबाई हळूच म्हणाल्या. “ती ओळ फुशारकीनं लिहिलीय. काहीतरी चांगलं केलं, अशा समजुतीनं. आता सांगा, शुक्रवारी कुठं होतात?”

त्यानं खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढला. जालन्याच्या एका बँकेतलं मुलाखतीचं पत्र. त्यावर हजेरीचा शिक्का: अकरा नोव्हेंबर, दुपारी एक ते चार.

“नानासाहेबांना कळलं असतं तर त्यांनी मला जाऊच दिलं नसतं. दोन प्रशिक्षित अधिकारी असल्याशिवाय संस्थेला करारच मिळत नाही. एक गेला की संस्था बंद.”

“आणि मंडळानं तुमच्या नावानं दिलेलं ओळखीचं पत्र? गेटवर दाखवलेलं?”

“माझ्या टेबलाच्या खणात असतं. खणाला कुलूप नाही.”

जोहराबाई बाहेर आल्या आणि त्यांनी फौजदाराला मुलाखतीचं पत्र दाखवलं. रामकिसन सुटला. पण कोडं अधिकच गुंतलं होतं. गुन्ह्याची वाच्यता करणारा माणूस प्रशिक्षण न घेतलेला होता. आणि या मंडळातल्या दोन्ही अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रं सरकारी फाइलीत होती. जोहराबाईंनी ती स्वतः पाहिली होती.

५

दुपारी त्या खिडकीपाशी अहवाल घेऊन बसल्या. शाळेत मुलं नकाशासाठी वापरतात तसलं भिंग त्यांच्याकडं होतं.

अक्षर नीटनेटकं होतं, मुलांना कित्ता घालून द्यावा तसं. पण पहिल्याच ओळीत काहीतरी खटकत होतं. ‘घरी गेलो.’ ‘लो’चा काना शेजारच्या अक्षरांपेक्षा बारीक होता, अडचणीतून शिरल्यासारखा आणि वेगळ्या शाईचा.

त्यांनी नखानं काना झाकला. खाली उरलं, ‘घरी गेले.’

जोहराबाईंच्या तोंडून “या अल्ला” निघून गेलं. बाईचा हात सवयीनं ‘गेले’ लिहून गेला होता. मग आठवलं, की सही तर रामकिसनची आहे, आणि काना चिकटवला. बाकीची वाक्यं अशी रचली होती, की पुरुष की बाई हे कळूच नये.

मंडळात बाया दोनच. त्यांनी आधी शकीलाला बोलावलं.

“आपा, मेरेकू कुछ मालूम नहीं,” शकीला आल्या आल्याच म्हणाली. मग मराठीत: “मी टायपिस्ट आहे. मी कुणाच्या घरी जात नाही, की ट्रेनिंग घेतलेलं नाही.”

“मंडळाची टेलिफोनची वही कुठाय?”

तिनं आणून दिली. शुक्रवार, अकरा तारीख. दुपारी एक पन्नास, दोन दहा, दोन चाळीस, तीन पाच. प्रत्येक फोन कुणाचा, कशासाठी, सगळं शकीलाच्या गिचमिड अक्षरात. त्या वेळी ती वाळूजला असूच शकत नव्हती.

“प्रमाणपत्रं कोण टाइप करतं, बेटा?”

शकीलानं टेबलावरची वही ओढून घेतली आणि मिटली.

“नानासाहेब सांगतात तसं मी टाइप करते,” ती म्हणाली. “आपा, माझ्या घरी कमावणारी मी एकटी आहे.”

मग वच्छलाबाई आल्या. दोन दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले होते. जोहराबाईंनी अगदी साधं विचारलं, जसं मैत्रीण विचारेल.

“वच्छलाबाई, कारागृहातले ते पंधरा दिवस कसे गेले हो तुमचे?”

“लई वाईट वाटायचं, बाई. बायकांच्या बराकीत लहान लेकरं असतात ना. मी रोज राजगिऱ्याचे लाडू न्यायचे त्यांच्यासाठी. अशी गोळा व्हायची भोवती.”

जोहराबाईंनी डोळे मिटले. एक शेंगदाणा आत जात नाही.

६

नानासाहेबांच्या खोलीत चौघांना बोलावून त्यांनी दार लोटलं.

“मी जे सांगते ते चुकलं तर मला थांबवा. शुक्रवारी दुपारी मंडळाची एक बाई रामकिसनच्या खणातलं पत्र घेऊन वाळूजला गेली. पहारेकऱ्यानं पत्रावरचं नाव वहीत उतरवलं. तिनं मॅनेजरची भेट घेतली आणि निघताना फळ्यावर बन्सीची दुसरी पाळी वाचली. तो कागद अडीचला लागला आणि सव्वातीनला त्याच्या नावावर रेघ आली. अहवालात दुसरी पाळी लिहिणारी व्यक्ती त्या वेळेत तिथं होती, हे नक्की. अहवालात ‘गेले’चं ‘गेलो’ केलंय. शकीला फोनपाशी होती.”

रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

“मीच,” वच्छलाबाई म्हणाल्या.

रामकिसन ताडकन उठला. “मावशी, तुम्ही?”

“तू जालन्याला गेला होतास ना. तुझ्या आईनं सांगितलं मला. म्हटलं, पोरगं पकडलं जाईल, त्याची एक भेट तरी आपण करून टाकू. बन्सीला परमनंट करणार, असं कळलं होतं. मला वाटलं, साहेबांना नीट समजावून सांगितलं तर ते त्याच्यावर जास्त माया करतील. बालवाडीत मी आयांना सांगायचे ना, हा जरा व्रात्य आहे, संभाळून घ्या. तसंच सांगितलं मी. हात जोडून सांगितलं. साहेबांनी चहासुद्धा दिला मला. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत.”

“आणि सोमवारचा अहवाल?”

“साहेब पुण्याला गेलेत, पुढच्या सोमवारी येतील असं कळलं. आल्यावर पाया पडून पोराला परत घ्यायला लावीन, असं मनाशी धरलं होतं. तोवर कागदावर सगळं चांगलं असू दे म्हटलं. तो... तो असा गेला असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आईशपथ नव्हतं.”

“वच्छलाबाई, तुमचं प्रशिक्षण किती दिवस झालं?”

उत्तर शकीलानं दिलं, जमिनीकडं बघत. “एकपण दिवस नाही. ट्रेनिंगच्या हजेरीपटावर नाव नाही त्यांचं. आधीची बाई लग्न होऊन नागपूरला गेली. करारात लिहिलंय, दोघांपैकी एक बाई पाहिजेच. म्हणून सरांनी सर्टिफिकेट टाइप करायला लावलं.”

सगळ्यांच्या नजरा नानासाहेबांकडं वळल्या. त्यांचा मुख्याध्यापकी ताठा कुठंतरी गळून पडला होता.

“ती मायाळू बाई आहे,” ते पुटपुटले. “पदवी आणि तीन महिन्यांचा वर्ग, यानं असं काय मोठं येतं, असं वाटलं मला. माणसाला काळीज असलं की झालं. संस्था बंद पडली असती तर एकसष्ट लोक परत कोर्टाच्या दारात गेले असते.”

“काळीज तिच्याकडं होतंच,” जोहराबाई म्हणाल्या. “कुठं गप्प बसायचं, ते तुम्ही तिला शिकू दिलं नाहीत.”

त्यांनी फाइल ओढून घेतली, वच्छलाबाईंचं प्रमाणपत्र काढलं आणि ते उलटं केलं. मागच्या बाजूला गेल्या वर्षीच्या तपासणीचा शेरा होता: ‘मूळ प्रमाणपत्र पाहिले. अर्हता पूर्ण. मान्यतेस हरकत नाही.’

खाली सही होती. जोहरा काझी.

त्या दिवशी हजेरीपट मागवायला पाच मिनिटं लागली असती. बाहेर ऊन होतं, अजून दोन संस्था पाहायच्या होत्या, आणि नानासाहेबांनी उसाचा रस मागवला होता. जोहराबाई त्या सहीकडं पाहत राहिल्या.

७

शनिवारची सुनावणी पाच मिनिटांत आटोपली. मान्यता रद्द झाली. नानासाहेबांवर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदला गेला. जोहराबाईंनी आपल्या अहवालात पाचव्या परिच्छेदात स्वतःचं नाव आणि स्वतःचा शेरा जसाच्या तसा उतरवला. वरिष्ठ म्हणाले, “एवढं लिहायची गरज नव्हती, बाई.” त्यांनी तो परिच्छेद काढला नाही.

पोलिसांनी बन्सीची नोंद अपघाती बुडून मृत्यू अशी केली. पोहणारा पोरगा कसा बुडाला, हे कुणी विचारलं नाही.

मनकर्णाबाईला हे सगळं कुणीतरी सांगायला हवं होतं. जोहराबाईंनी ते अर्ध्या तासात, काही न लपवता सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “त्या बाईला आनता का माझ्याकडं?”

“कशासाठी?”

“आना तर खरं.”

रविवारी सकाळी वच्छलाबाई हर्सूलच्या त्या दारात उभ्या राहिल्या. शेजारणी गोळा झाल्या. त्यातली एक चप्पल काढायला वाकली. मनकर्णाबाईनं हात वर करून तिला थांबवलं.

“आत ये. बस. त्या दिशी माझा बन्सी तुला भेटला व्हता?”

जोहराबाई दचकल्या. हा प्रश्न त्यांनाही सुचला नव्हता.

वच्छलाबाईंनी मान हलवली. “बस थांब्यावर. वाळूजच्या.”

“काय म्हनला?”

“म्हणाला, मावशी, तुमी माझ्या चांगल्यासाठीच बोलला असणार. पर आता घरी जाऊन आईला काय सांगू? मी म्हटलं, काही सांगू नको, सोमवारी मी करते सगळं नीट. तेवढ्यात माझी बस आली. मी बसले. खिडकीतून पाहिलं, तो तिथंच उभा होता.”

अशा अवस्थेतल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, त्याच्याबरोबर घरापर्यंत जायचं असतं. प्रशिक्षणात हेही शिकवतात. जोहराबाईंना ते बोलायचं नव्हतं. वच्छलाबाईंना ते आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

“आईला काय सांगू,” मनकर्णाबाई स्वतःशीच म्हणाली. “येड्या, पास गेला म्हनायचं. म्या काय भाकर दिली नसती तुला?” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. तोंडात पदर कोंबून, सगळं अंग हलवून रडली. वच्छलाबाई तिच्या शेजारी गेल्या, पण त्यांचा हात तिच्या पाठीपर्यंत पोचला नाही. तो मध्येच थांबला.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं डोळे पुसले आणि जोहराबाईंकडं वळून विचारलं, “असली पोरं अजून किती हायत ह्यांच्याकडं?”

“साठ. बन्सी गेला, आता साठ.”

“अन् मंडळ बंद केलं म्हनता. मंग त्यास्नी कोन बघतंय?”

सरकारी हुकूम यायला महिना लागणार होता. तोवर त्या साठ जणांना आपल्याला कुणी वाली नाही हेसुद्धा कळणार नव्हतं. जोहराबाईंच्या पिशवीत त्यांची यादी होती.

“सध्या तरी मीच,” त्या म्हणाल्या. “आणि रामकिसन. खरोखर जाऊन.”

“मंग हितं माझ्याकडं काय बसलात?” मनकर्णाबाई म्हणाली. “जा की.”

जोहराबाई उठल्या. रामकिसन बाहेर सायकल घेऊन उभा होता. यादीतलं पहिलं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं होतं. दारावर थाप मारल्यावर आतून एका तरुण बाईनं, कडेवर मूल घेऊन, घाबरत विचारलं, “कोन हाय?”

“तुझी विचारपूस करायला आलोय, पोरी,” जोहराबाई म्हणाल्या. “आत येऊ का?”